उत्तर मुंबई लोकसभा निवडणूक, १९६२

उत्तर मुंबई लोकसभा मतदारसंघात फेब्रुवारी १९६२ मध्ये झालेली निवडणूक ही भारताच्या संसदीय इतिहासातील एक गाजलेली लढत होय. तत्कालीन संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन हे काँग्रेसचे उमेदवार होते आणि त्यांच्याविरुद्ध आचार्य जे. बी. कृपलानी हे विरोधी पक्षांच्या पाठिंब्याने अपक्ष म्हणून उभे होते. प्रचाराचा मुख्य विषय रस्ते, पाणी वा धान्य हा नसून पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांचे परराष्ट्र धोरण, विशेषतः चीनविषयक धोरण, हा होता. सर्वसाधारणपणे भारतीय मतदार परराष्ट्र धोरणाच्या आधारे मत देत नाही असे मानले जाते. त्यामुळे अभ्यासकांच्या दृष्टीने ही निवडणूक अपवादात्मक ठरते. मेनन सुमारे १ लाख ४५ हजार मतांनी विजयी झाले. त्यानंतर आठ महिन्यांनी चीनने आक्रमण केले आणि आणखी अठरा दिवसांत मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले. निवडणुकीपूर्वी राष्ट्रीय नेत्याच्या परराष्ट्र धोरणाचे मूल्यमापन मतदाराला कितपत करता येते, हा प्रश्न या घटनाक्रमामुळे पुढे येतो.

पार्श्वभूमी

१९४७ पासून १९६४ मध्ये मृत्यू होईपर्यंत नेहरूंनी पंतप्रधानपदाबरोबर परराष्ट्र खातेही स्वतःकडेच ठेवले. म्हणून या काळातील परराष्ट्र धोरणाचे श्रेय आणि दोष दोन्ही मुख्यतः त्यांच्याकडे जातात. मेनन हे त्या धोरणाचे सर्वांत मुखर प्रवक्ते होते. १९४७ ते १९५२ या काळात ते ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते. पुढे संयुक्त राष्ट्रांत त्यांनी कोरियातील युद्धकैद्यांच्या प्रश्नावर तोडगा काढण्यात महत्त्वाचा वाटा उचलला. जानेवारी १९५७ मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीर प्रश्नावर त्यांनी सुमारे आठ तास भाषण केले. त्या भाषणाने परिषदेतील मते फारशी बदलली नाहीत, पण भारतात मेनन यांचे नाव घरोघरी पोहोचले. त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत ते मुंबईतून प्रथम लोकसभेवर निवडून आले आणि एप्रिल १९५७ मध्ये संरक्षणमंत्री झाले.

चीनसंबंधीचे धोरण २९ एप्रिल १९५४ च्या तिबेटविषयक व्यापारी करारावर उभे होते. ‘पंचशील’ म्हणून प्रसिद्ध झालेली पाच तत्त्वे याच कराराच्या प्रास्ताविकात आहेत. करारात तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचे भारताने मान्य केले, परंतु दोन देशांमधील सीमा कोठून जाते याचा उल्लेख त्यात नव्हता. या उणिवेवर त्याच वेळी टीका झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ऑगस्ट १९५४ मध्ये राज्यसभेत पंचशीलावर आणि तिबेटविषयक भूमिकेवर कठोर शब्दांत आक्षेप घेतले होते. त्याआधी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी जी कारणे सांगितली होती, त्यांत परराष्ट्र धोरणाविषयीचे असमाधान हेही एक होते. कृपलानी यांचाही आक्षेप याच स्वरूपाचा होता: तिबेटच्या स्वायत्ततेच्या लोपावर पंचशीलाने मान्यतेची मोहोर उमटवली, असे ते सातत्याने सांगत.

१९५९ हे वर्ष निर्णायक ठरले. मार्चअखेर दलाई लामा भारतात आश्रयास आले. ऑगस्टमध्ये ईशान्य सीमेवर लोंगजू येथे आणि २१ ऑक्टोबर रोजी लडाखमध्ये कोंगका खिंडीजवळ चकमकी झाल्या. कोंगका येथे केंद्रीय पोलीस दलाचे जवान मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ २१ ऑक्टोबर हा ‘पोलीस स्मृतिदिन’ म्हणून आजही देशभर पाळला जातो. चीनने अक्साई चीनमधून रस्ता बांधल्याची गोष्ट सरकारला आधीपासून ठाऊक होती, पण संसदेला ती याच वर्षी सांगण्यात आली. संसदेत प्रक्षोभ झाल्यावर सप्टेंबरमध्ये चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराची पहिली श्वेतपत्रिका प्रसिद्ध झाली. म्हणजे सीमावादाची माहिती सामान्य नागरिकाच्या हाती आली तेव्हा तो वाद पाच वर्षे तरी जुना झालेला होता. एप्रिल १९६० मध्ये चिनी पंतप्रधान चौ एन लाय दिल्लीस आले. बोलणी निष्फळ ठरली. त्यानंतर दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी नकाशे आणि कागदपत्रे तपासली, पण त्यांना एकच अहवाल सादर करता आला नाही.

उमेदवार

जीवतराम भगवानदास कृपलानी यांचे वय निवडणुकीच्या वेळी ७३ वर्षांचे होते. चंपारण सत्याग्रहापासून गांधीजींचे सहकारी, स्वातंत्र्याच्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष आणि नंतर पक्षाबाहेर पडलेले समाजवादी नेते असा त्यांचा प्रवास होता. १९५७ मध्ये ते बिहारमधील सीतामढी येथून निवडून आले होते. तो मतदारसंघ सोडून त्यांनी मेनन यांना त्यांच्याच मतदारसंघात आव्हान दिले. याचे मूळ एप्रिल १९६१ मधील त्यांच्या लोकसभेतील भाषणात आहे. संरक्षण खात्यात गटबाजी वाढली, बढत्यांमध्ये पक्षपात झाला, सैन्याचे मनोधैर्य खचले आणि एकही प्रहार न करता देशाची भूमी गमावली गेली, असे आरोप त्यांनी केले. या आरोपांना एक पूर्वपीठिका होती. ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस भूदलप्रमुख जनरल थिमय्या यांनी मेनन यांच्याशी मतभेद झाल्यामुळे राजीनामा दिला होता. नेहरूंनी मन वळवल्यावर तो मागे घेतला गेला. त्या प्रकरणात पंतप्रधानांनी संसदेत जनरलना बोल लावला आणि मंत्र्यांची पाठराखण केली.

मेनन यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजूही नोंदवणे न्याय्य ठरेल. शस्त्रास्त्रांच्या बाबतीत देश स्वावलंबी व्हावा हा त्यांचा आग्रह होता. १९६० मध्ये माझगाव गोदी सरकारने ताब्यात घेतली, जून १९६१ मध्ये ‘मरुत’ या भारतीय बनावटीच्या लढाऊ विमानाचे पहिले उड्डाण झाले, आणि सैनिकी शाळांची योजना त्यांच्याच काळात सुरू झाली. त्यांतील पहिली शाळा जून १९६१ मध्ये साताऱ्यास निघाली. मात्र कारखाने उभे राहण्यास जी वर्षे लागतात, ती सीमेवर मिळाली नाहीत.

जनसंघ, स्वतंत्र पक्ष आणि प्रजासमाजवादी पक्ष यांनी कृपलानी यांना पाठिंबा दिला. या पक्षांत अर्थकारणापासून भाषेच्या प्रश्नापर्यंत क्वचितच एकमत असे; मेनन यांचा विरोध हाच त्यांना जोडणारा धागा होता. कम्युनिस्ट मेनन यांच्या बाजूने उतरले. खुद्द काँग्रेसमध्ये मेनन यांना विरोधक कमी नव्हते, आणि मुंबई काँग्रेसचे सूत्रधार स. का. पाटील यांच्या गटाला ते कधीच जवळचे वाटले नाहीत. तरीही नेहरूंच्या आग्रहामुळे उमेदवारी कायम राहिली.

गोवा मुक्ती आणि निवडणूक

मतदानापूर्वी दोन महिने, १८ आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय सैन्याने ‘ऑपरेशन विजय’ या मोहिमेद्वारे गोवा, दमण आणि दीव मुक्त केले. पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. त्या वर्षी मार्चमध्ये नौदलात दाखल झालेली आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईस पोहोचलेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौकाही या मोहिमेत सहभागी होती.

गोव्याच्या प्रश्नाचे मूल्यमापन वाटते तितके सरळ नाही. भारत स्वतंत्र झाल्यावरही चौदा वर्षे तो प्रश्न लोंबकळत राहिला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्या सत्याग्रहात महाराष्ट्रातून मोठ्या संख्येने लोक गेले होते, आणि सरकारने सैन्य न पाठवल्याचा रोष मराठी मुलखात दीर्घकाळ टिकला. नेहरूंची अडचण अशी होती की, जगाला शांततेचा उपदेश करणाऱ्या देशाने वसाहत सोडवण्यासाठी का होईना शस्त्र उचलले, तर त्याच्या शब्दाचे वजन घटेल. सालाझार यांच्या राजवटीने वाटाघाटींचे दार बंदच ठेवले. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून भारतीय बोटींवर गोळीबार झाला आणि मग कारवाईचा निर्णय झाला. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत युद्धबंदी व सैन्यमाघारीचा ठराव पाश्चात्त्य राष्ट्रांनी मांडला. त्यास सात मते मिळाली, पण सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरल्याने तो फेटाळला गेला.

ही कारवाई मेनन यांच्या निवडणुकीसाठी घडवून आणली, असा आरोप पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी आणि काही भारतीय टीकाकारांनी केला. तो संपूर्णपणे मान्य करणे कठीण आहे, कारण गोव्याविषयीचा दबाव निवडणुकीपेक्षा कितीतरी जुना होता. आफ्रिकेतील वसाहतविरोधी चळवळींचे नेतेही भारत कृती का करत नाही, असे विचारू लागले होते. परंतु मुहूर्ताचा लाभ झाला हे नाकारता येत नाही. मुंबईच्या उपनगरांत गोमंतकीयांची वस्ती मोठी होती आणि शहराचे गोव्याशी नाते रक्ताचे होते. विशेष हे की, ज्यांच्या मुक्तीचा गाजावाजा प्रचारात झाला त्या गोव्यातील जनतेला या निवडणुकीत मतदानाचा अधिकारच नव्हता. गोव्यातील पहिल्या निवडणुका डिसेंबर १९६३ मध्ये झाल्या.

गोव्याच्या यशामुळे एक चुकीचा निष्कर्षही रूढ झाला. समुद्रमार्गाने मायदेशापासून हजारो मैल दूर असलेल्या काही हजार पोर्तुगीज सैनिकांविरुद्ध, रस्ते व रेल्वेने जोडलेल्या प्रदेशात दोन दिवसांत मिळालेला विजय हा सैन्याच्या सिद्धतेचा पुरावा मानला गेला. हिवाळी कपडे, डोंगरी तोफा, चौदा हजार फुटांवर रसद पोहोचवण्याची साधने यांविषयी गोव्याची मोहीम काहीच सांगू शकत नव्हती.

प्रचार

नेहरूंनी ही निवडणूक आपल्या धोरणावरील कौल असल्याचे उघडपणे सांगितले. मेनन यांचा पराभव हा आपल्या धोरणाचा पराभव ठरेल, या आशयाची भाषणे त्यांनी केली आणि स्वतः मुंबईत येऊन सभा घेतल्या. चित्रपट अभिनेते दिलीपकुमार यांनी नेहरूंच्या विनंतीवरून मेनन यांचा प्रचार केला. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक मेनन यांच्या, तर ‘करंट’ साप्ताहिक कृपलानी यांच्या बाजूने लढत होते. एका मतदारसंघाची ही लढत अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठापर्यंत पोहोचली. पाश्चात्त्य वृत्तपत्रांच्या या आस्थेचा मेनन यांना तोटा होण्याऐवजी फायदाच झाला असावा; परकीयांना नको असलेला माणूस ही प्रतिमा मतदारांना रुचणारी होती.

प्रचारात दोन प्रश्नांची सरमिसळ झाली. अलिप्ततावाद हे धोरण योग्य आहे काय, हा एक प्रश्न. आणि सीमेच्या रक्षणाची तयारी योग्य रीतीने झाली आहे काय, हा दुसरा. एखादा मतदार पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी देऊ शकला असता. पण मतपत्रिकेवर बैलजोडीचे चिन्ह एकच होते. नेहरूंनी आपली प्रतिष्ठा मेनन यांच्या मागे उभी केल्यावर तर दुसरा प्रश्न विचारणे म्हणजे पहिल्याला विरोध करणे, असे समीकरण तयार झाले.

कृपलानी यांच्या बाजूनेही संदिग्धता होती. सरकारने भूमी गमावली हा आरोप स्पष्ट होता, पण ती परत कशी मिळवावी याचे उत्तर त्यांच्या पाठीराख्या पक्षांत एकसारखे नव्हते. पाश्चात्त्य राष्ट्रांशी जवळीक साधावी असे स्वतंत्र पक्षाचे मत होते. समाजवाद्यांना ते मान्य होणे शक्य नव्हते. पर्यायी धोरण कोणते, हे न कळल्यामुळे अनेकांनी माहीत असलेल्या नेत्यावर विसंबणे पसंत केले, असे म्हणता येईल.

निकाल

मतदान १९ ते २५ फेब्रुवारी १९६२ या काळात झालेल्या तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीचा भाग म्हणून पार पडले. मेनन यांना सुमारे २ लाख ९७ हजार, तर कृपलानी यांना सुमारे १ लाख ५१ हजार मते पडली. त्याच निवडणुकीत उत्तर प्रदेशातील फुलपूर येथे नेहरूंना डॉ. राममनोहर लोहिया यांनी आव्हान दिले होते. तेथेही नेहरू दुपटीहून अधिक मते घेऊन विजयी झाले. लोकसभेत काँग्रेसला ३६१ जागा मिळाल्या.

मतदारांपासून दूर राहिलेली माहिती

२ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत झालेल्या बैठकीत, चिनी चौक्यांच्या पुढे व मागे जाऊन भारतीय चौक्या स्थापन करण्याचा निर्णय घेण्यात आला. हेच पुढे ‘आगेकूच धोरण’ म्हणून ओळखले गेले. त्या महिन्याच्या अखेरीस नेहरूंनी लोकसभेत, लष्करीदृष्ट्या परिस्थिती क्रमाक्रमाने आपल्याला अनुकूल होत आहे, असे प्रतिपादन केले. चौक्यांची संख्या वाढत होती हे खरे. परंतु त्या चौक्यांत मोजके जवान असत, अनेकांना रसद विमानातून टाकावी लागे आणि हल्ला झाल्यास मागून मदत पोहोचण्याची व्यवस्था नव्हती. हे सैन्यातील अधिकाऱ्यांना माहीत होते. उत्तर मुंबईतील मतदाराला माहीत होण्याचा मार्ग नव्हता.

येथे विरोधी पक्षांच्या भूमिकेचाही विचार करावा लागतो. संसदेत आणि वृत्तपत्रांत ‘इंच इंच भूमी’ची भाषा जितकी तीव्र झाली, तितके सरकारला तडजोडीचे वा थांबून तयारी करण्याचे मार्ग बंद झाले. सैन्यबळाअभावी चौक्या पुढे नेण्याच्या निर्णयामागे या दबावाचा वाटा होता, असे अनेक इतिहासकार मानतात. नेव्हिल मॅक्सवेल यांनी तर युद्धाचे मुख्य कारणच आगेकूच धोरणात शोधले. त्यांच्या मांडणीत चीनच्या हेतूंना फारच सौम्य न्याय मिळतो, अशी टीका भारतीय अभ्यासकांनी केली आहे, आणि ती साधार आहे. तथापि कृपलानी यांचा आरोप योग्य होता म्हणून त्यांनी सुचवलेला ताठरपणाही योग्य होता, असा निष्कर्ष निघत नाही. सैन्य दुर्बल झाले आहे असे सांगणारे टीकाकारच त्या सैन्याने त्वरित भूमी परत घ्यावी असेही म्हणत होते.

परिणाम

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने लडाख आणि नेफा या दोन्ही आघाड्यांवर हल्ला केला. मेनन यांच्याकडून ३१ ऑक्टोबरला संरक्षण खाते काढून घेण्यात आले. काही दिवस ते संरक्षण उत्पादन मंत्री राहिले आणि ७ नोव्हेंबरला मंत्रिमंडळाबाहेर पडले. त्यांना हटवण्याची मागणी करणाऱ्यांत आता काँग्रेसचेच खासदार आघाडीवर होते. नेहरूंनी अमेरिका व ब्रिटन यांच्याकडे शस्त्रसाहाय्य मागितले. अलिप्ततावादाचा प्रचार करणाऱ्या सरकारला हे करावे लागले याकडे टीकाकारांनी बोट दाखवले. समर्थकांच्या मते, कोणत्याही गटात नसतानाही मदत मिळाली हेच धोरणाचे यश होते. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. सरकारी आकडेवारीप्रमाणे १,३८३ भारतीय जवान मारले गेले, सुमारे १,७०० बेपत्ता झाले आणि जवळपास ४,००० युद्धकैदी झाले. त्याच सुमारास महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्रिपदाची सूत्रे घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे त्या वेळी महाराष्ट्रात म्हटले गेले.

मे १९६३ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकांत कृपलानी अमरोहा येथून, लोहिया फरुखाबाद येथून आणि स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी राजकोट येथून लोकसभेवर आले. ऑगस्टमध्ये कृपलानी यांनी नेहरू सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेतील तो पहिला अविश्वास ठराव होय. ठरावाच्या बाजूने ६२ व विरोधात ३४७ मते पडली.

मूल्यमापन

उत्तर मुंबईच्या मतदारांनी चूक केली, असे विधान अनेक लेखांत आढळते. ते घटना घडून गेल्यानंतरच्या ज्ञानावर आधारलेले आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये उपलब्ध असलेल्या माहितीची तपासणी केल्यास चित्र वेगळे दिसते. श्वेतपत्रिका, कोंगकाची चकमक, थिमय्या प्रकरण आणि अधिकाऱ्यांचे परस्परविरोधी अहवाल हे सर्व प्रसिद्ध झाले होते; संशयाला जागा होती आणि दीड लाख लोकांनी तो मतातून व्यक्तही केला. दुसऱ्या बाजूला गोवा, कोरिया, काश्मीरवरील भाषण आणि नव्या संरक्षण कारखान्यांची सुरुवात या गोष्टीही खऱ्याच होत्या. पूर्ण झालेली गोष्ट डोळ्यांना दिसते, न केलेली तयारी दिसत नाही. आणि संरक्षण व परराष्ट्र या खात्यांत न केलेल्या गोष्टींवर गोपनीयतेचे आवरण असते. धान्याचा भाव चढला तर ते बाजारात कळते. सैनिकाच्या पायात बर्फाचे बूट नाहीत हे युद्धातच कळते.

पराभवाच्या चौकशीसाठी नेमलेल्या लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांच्या समितीने १९६३ मध्ये अहवाल दिला. भारत सरकारने तो अधिकृतरीत्या कधीही प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा काही भाग मॅक्सवेल यांनी २०१४ मध्ये उघड केला. समितीची कार्यकक्षा लष्करी कारवाईपुरती मर्यादित होती, त्यामुळे मंत्र्यांच्या जबाबदारीची स्वतंत्र चौकशी झालीच नाही.

१९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मेनन यांना मुंबईतून उमेदवारी नाकारली. ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले आणि माजी सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडून पराभूत झाले. बर्वे यांच्या अकाली निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवले. या दोन्ही निवडणुकांत चीन हा विषय मागे पडला होता. आदल्या वर्षी स्थापन झालेल्या शिवसेनेने मराठी उमेदवाराचा मुद्दा पुढे आणला होता. मेनन पुढे १९६९ मध्ये पश्चिम बंगालमधील मेदिनीपूर आणि १९७१ मध्ये केरळमधील त्रिवेंद्रम येथून लोकसभेवर गेले.